विश्लेषण : बाखचा तोच कोरस कधी १२ मिनिटांचा, कधी ७ मिनिटांचा… असं का?

मोबाइलवरच्या कुठल्याही म्युझिक ॲपमध्ये योहान सेबास्टियन बाखची ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ शोधा. ऑटो क्लेम्परर यांच्या १९६०-६१ च्या रेकॉर्डिंगमध्ये तिचा पहिलाच कोरस जवळपास १२ मिनिटं चालतो. जॉन इलियट गार्डिनर यांच्या १९८८ च्या रेकॉर्डिंगमध्ये तोच कोरस साधारण ७ मिनिटांत संपतो. स्वर तेच, शब्द तेच, एकही ओळ गाळलेली नाही. मग मधली ५ मिनिटं गेली कुठे?

रात्रपाळीत हेडफोन लावून ही दोन्ही रेकॉर्डिंग पहिल्यांदा एकामागोमाग ऐकली, तेव्हा आधी वाटलं की ॲपमध्ये काहीतरी गडबड आहे. गडबड नव्हती. बरोक काळातलं, म्हणजे साधारण १६०० ते १७५० या काळातलं चर्चचं समूहसंगीत कसं रेकॉर्ड करायचं, याबद्दलचे विचार गेल्या शंभर वर्षांत अनेकदा उलटेपालटे झाले आहेत. प्रत्येक रेकॉर्डिंग हा त्या वादातला एकेक दावा आहे. अडचण अशी की आपल्या फोनवर तो दावा दिसतच नाही.

हे संगीत मुळात होतं कशासाठी?

पॅशन म्हणजे येशूच्या अखेरच्या यातनांची कथा. बाखची ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चमध्ये बहुधा १७२७ च्या गुड फ्रायडेला पहिल्यांदा गायली गेली. ती तिकीट लावून केलेली मैफल नव्हती. दुपारच्या उपासनेचा तो भाग होता आणि दोन भागांच्या मधे धर्मगुरूंचं प्रवचन होतं. चर्चमध्ये बायका गात नसत. वरच्या पट्टीतले स्वर शाळेतली मुलं गात.

बाखच्या मृत्यूनंतर ही रचना जवळपास विस्मरणात गेली. फेलिक्स मेंडेल्सोन याने १८२९ मध्ये बर्लिनमध्ये ती पुन्हा सादर केली, तीही काटछाट करून आणि दीडशेच्या आसपास गायक घेऊन. तिकडे इंग्लंडमध्ये हँडलच्या रचनांचे उत्सव त्याआधीच सुरू झाले होते. १७८४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये ५०० हून अधिक कलाकार जमले. १९ व्या शतकात हा आकडा फुगतच गेला. त्यामुळे रेकॉर्डिंगचं यंत्र आलं तेव्हा ‘चर्चसंगीत म्हणजे प्रचंड कॉयर’ ही समजूत पक्की झालेली होती.

यंत्रानं संगीताला कसं वाकवलं?

२९ जून १८८८. लंडनचा क्रिस्टल पॅलेस. हँडलची ‘इस्राएल इन इजिप्त’ ही रचना ४,००० हून अधिक गायक गात होते. एडिसनचे प्रतिनिधी कर्नल जॉर्ज गुरो यांनी १०० यार्डांहून दूर ठेवलेल्या फोनोग्राफवर, मेणाच्या नळकांड्यांवर, तो आवाज टिपला. ते रेकॉर्डिंग आजही ऐकता येतं. जगातल्या सर्वात जुन्या उपलब्ध संगीत रेकॉर्डिंगपैकी ते एक आहे. ऐकू येते ती मात्र खरखर, आणि तिच्यामागे लांबवर चाललेली जत्रा वाटावी अशी गाज.

१९२५ पर्यंत रेकॉर्डिंगमध्ये वीज नव्हती. कलाकारांनी एका भोंग्यासमोर दाटीवाटीनं उभं राहायचं आणि जोरात गायचं. एका गायकासाठी हे ठीक होतं, कॉयरसाठी निरुपयोगी. मायक्रोफोन आला आणि मोठा समूह टिपणं शक्य झालं. १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जान यांचा आवाज टिपणाऱ्या ग्रामोफोन कंपनीनेच १९२९ मध्ये अल्बर्ट कोट्स यांच्या संचालनाखाली बाखचा अख्खा ‘बी मायनर मास’ ध्वनिमुद्रित केला. पण ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम ४ ते ५ मिनिटं मावत. ३ मिनिटांत ख्याल आटपण्याची जी कसरत आपल्या गवयांना करावी लागली, तिचाच हा दुसरा अवतार. दोन तासांची रचना अनेक तुकड्यांत गायची आणि घरी श्रोत्यानं तबकडी पुन:पुन्हा उलटायची.

याला एक सुंदर अपवाद आहे. विलेम मेंगेलबर्ग यांची ॲमस्टरडॅममधली २ एप्रिल १९३९ ची ‘मॅथ्यू पॅशन’ फिल्मसारख्या लांब पट्टीवर प्रत्यक्ष मैफलीतच टिपली गेली. तबकडीचं बंधन नसल्यानं संथ लय, ताणलेले विराम, मोठा कॉयर असं सगळं त्यात जसंच्या तसं आहे. आजच्या कानाला ही शैली फार भावुक वाटते. पण त्या काळातल्या लोकांसाठी बाख काय होता, हे तिच्याइतकं स्पष्ट दुसरं कुठलंही रेकॉर्डिंग सांगत नाही.

टेप आणि एलपीमुळे काय बदललं?

१९४८ मध्ये एलपी आली, चुंबकीय टेप आली आणि १९५८ पासून स्टीरिओ तबकड्या विकल्या जाऊ लागल्या. टेप कापून जोडता येत होती. म्हणजे १० वेळा गायचं आणि प्रत्येक वेळचा चांगला तुकडा घ्यायचा. क्लेम्परर यांचं रेकॉर्डिंग याच काळातलं. ते एका संध्याकाळचं गायन नाही, तर १९६० आणि १९६१ मधल्या अनेक बैठकांचं फलित आहे. जागा होती लंडनचा किंग्जवे हॉल. ही मेथडिस्ट पंथीयांची वास्तू आवाजासाठी इतकी चांगली होती की जमिनीखालून जाणाऱ्या भुयारी रेल्वेची घरघर सोसूनही कंपन्या तिथेच जात. त्या काळच्या अनेक तबकड्यांत ती घरघर आजही ऐकू येते.

मोठा कॉयर, आधुनिक वाद्यं आणि भव्य, संथ लय यातून ते १२ मिनिटांचं उत्तर तयार झालं.

‘जुन्या वाद्यां’च्या मंडळींचं म्हणणं काय होतं?

ऑस्ट्रियाचे निकोलाउस हार्नोनकूर यांनी १९५३ मध्ये ‘कॉन्सेंटस म्युझिकस’ हा वाद्यवृंद स्थापन केला. त्यांचा प्रश्न साधा होता : बाखकडे जी वाद्यं होती, ती का वाजवू नयेत? धातूऐवजी आतड्याच्या तारा, लाकडी बासऱ्या, आजच्यापेक्षा साधारण अर्ध्या स्वरानं खालची पट्टी आणि वरच्या स्वरांसाठी मुलगे. त्यांनी १९६८ मध्ये ‘बी मायनर मास’ आणि १९७० मध्ये ‘मॅथ्यू पॅशन’ रेकॉर्ड केली. मग नेदरलँड्सच्या गुस्ताव लिओनहार्ट यांच्यासोबत बाखचे सगळे धार्मिक कँटाटा ध्वनिमुद्रित केले. १९७१ मध्ये सुरू झालेलं हे काम १९८९ मध्ये संपलं.

सुरुवातीला टीका झाली. बेसूर, खरखरीत, कोरडं अशी विशेषणं लागली. पण कान सरावले. हलकी वाद्यं पटकन बोलतात, छोटा कॉयर पटकन वळतो. बाखच्या कोरसमध्ये दडलेला नृत्याचा ठेका मोकळा झाला. गार्डिनर यांची ७ मिनिटं या परंपरेतून आली. तीही चर्चमध्ये नव्हे, तर सफोकमधल्या स्नेप मॉल्टिंग्ज या सभागृहात रेकॉर्ड झाली. मद्यासाठी सातूचं माल्ट करण्याच्या जुन्या इमारतीत हे सभागृह उभं राहिलेलं आहे.

म्हणजे आपल्या दोन्ही रेकॉर्डिंगपैकी एकही बाखच्या चर्चसारख्या जागेतलं नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

एका स्वरपंक्तीला एकच गायक?

१९८१ मध्ये अमेरिकी संगीतज्ञ जोशुआ रिफकिन यांनी बाँबच टाकला. बाखचा कॉयर छोटा नव्हता, तो जवळपास नव्हताच, असं त्यांनी मांडलं. सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बास या प्रत्येक पंक्तीला एकच गायक, आणि तेच एकल गीतंही गाणार. पुरावा होता हस्तलिखितांचा. बाखच्या सादरीकरणासाठी उतरवून काढलेल्या ज्या प्रती उरल्या आहेत, त्यात बहुतेक वेळा प्रत्येक आवाजाची एकच प्रत सापडते.

विरोधकांकडेही कागद होता. २३ ऑगस्ट १७३० रोजी बाखने लाइपझिगच्या नगर परिषदेला एक निवेदन दिलं. प्रत्येक कॉयरसाठी किमान १२ गायक हवेत, १६ असतील तर उत्तम, असं त्यात आहे. रिफकिन यांचं उत्तर असं की हा आकडा एका वेळी गाणाऱ्यांचा नसून हाताशी असलेल्या मुलांचा आहे. त्यातली काही आजारी पडणार, काहींना वाद्य वाजवायला बसवावं लागणार. क्रिकेटमध्ये १५ जणांचा संघ जाहीर होतो म्हणून १५ जण मैदानात उतरत नाहीत, तसंच हे.

रिफकिन यांनी नुसता निबंध वाचला नाही, त्याच पद्धतीनं ‘बी मायनर मास’ रेकॉर्डही केला. पुढे अँड्र्यू पॅरट, पॉल मॅक्रीश आणि स्कॉटलंडच्या डनेडिन कॉन्सर्टचे जॉन बट या वाटेनं गेले. मॅक्रीश यांनी ‘मॅथ्यू पॅशन’साठी डेन्मार्कमधलं रोस्किल्डचं कॅथीड्रल निवडलं. दुसऱ्या बाजूला जपानच्या मासाकी सुझुकी यांनी छोटा पण ‘कॉयर’ म्हणावा असाच संच ठेवला. कोबेमधल्या एका विद्यापीठाच्या चॅपेलमध्ये १९९५ ते २०१३ या काळात त्यांनी सगळे धार्मिक कँटाटा ५५ सीडींमध्ये पूर्ण केले.

हा वाद अजून मिटलेला नाही. पण त्यात एक तांत्रिक मेख आहे. ८ गायक वाद्यवृंदावर भारी पडतात की नाही, हे रेकॉर्डिंगमध्ये मायक्रोफोन कुठे ठेवला यावर ठरतं. पुरावा म्हणून दिलेलं रेकॉर्डिंग स्वतःच घडवलेलं असतं. म्हणून माझ्या मते गायक किती होते याच्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे, ते कुठे उभे होते?

खोलीला एवढं महत्त्व का?

इथे थोडं इंजिनिअरिंग आणतो. १९ व्या शतकाच्या अखेरीस हार्वर्डच्या वॉलेस सॅबिन यांनी एक नियम शोधला. खोली जितकी मोठी, तितका आवाज जास्त वेळ घुमतो. आवाज शोषणाऱ्या वस्तू जितक्या जास्त, तितका तो लवकर विरतो. आणि सर्वात चांगला शोषक म्हणजे कपडे घातलेला माणूस. ढोबळमानानं एक माणूस अर्ध्या चौरस मीटरच्या उघड्या खिडकीइतका आवाज गिळतो.

गुड फ्रायडेला गच्च भरलेल्या चर्चचा विचार करा. लाकडी सज्जे, लोकरीचे कपडे, शेकडो माणसं. ब्रिटिश ध्वनितज्ज्ञ होप बॅगेनल यांनी १९३० च्या सुमारासच मांडलं होतं की असं सेंट थॉमस चर्च आपण समजतो त्यापेक्षा बरंच कमी घुमत असणार, आणि म्हणूनच बाखला इतकी वेगवान, गुंतागुंतीची वीण परवडली. याउलट आजची बहुतेक रेकॉर्डिंग रिकाम्या चर्चमध्ये होतात, अनेकदा रस्ता शांत झाल्यावर, रात्री. म्हणजे ‘अस्सल’ वाद्यं, ‘अस्सल’ संख्या, पण घुमारा मात्र बाखच्या श्रोत्यांनी कधीच न ऐकलेला. शिवाय मूळ सेंट थॉमस चर्चचा अंतर्भागही १८८० च्या दशकात बदलला गेला. तिथे जाऊनही ती खोली परत मिळत नाही.

आणखी एक गोष्ट. ‘मॅथ्यू पॅशन’च्या पहिल्या कोरसमध्ये दोन कॉयर एकमेकांना प्रश्नोत्तरं करतात आणि त्यावर सोप्रानोंचा तिसरा गट एक जुनं स्तोत्र गातो. १७३६ च्या सादरीकरणात दोन्ही ऑर्गन वापरल्याची चर्चच्या कर्मचाऱ्याची नोंद आहे. मोठा ऑर्गन पश्चिमेच्या सज्जात, तर छोटा समोर पूर्वेला उंचावर टांगलेला. म्हणजे ते स्तोत्र बहुधा समोरच्या टोकाकडून येत होतं आणि माणसं दोन आवाजांच्या मधे बसलेली होती. आपण ज्याला ‘सराउंड साउंड’ म्हणतो, तेच हे. दोन स्पीकरचं स्टीरिओ हे दाखवू शकत नाही.

स्टुडिओतून पुन्हा चर्चमध्ये?

गार्डिनर यांनीच यावर एक उत्तर शोधलं. बाखच्या मृत्यूला २५० वर्षं झाली त्या २००० सालात त्यांनी सगळे धार्मिक कँटाटा युरोपातल्या आणि शेवटी न्यूयॉर्कच्या चर्चमध्ये, ज्या त्या सणाच्या सुमारास, लोकांसमोर गायले आणि रेकॉर्ड केले. सुरुवातीला सोबत असलेल्या मोठ्या रेकॉर्ड कंपनीनं मधेच अंग काढून घेतलं. मग त्यांच्याच मंडळींनी २००५ मध्ये ‘सोली देओ ग्लोरिया’ हे लेबल काढलं. डच संचालक टॉन कोपमन यांचा कँटाटा प्रकल्पही असाच मधेच निराधार झाला आणि त्यांनी स्वतःचं लेबल काढून तो पूर्ण केला.

या रेकॉर्डिंगमध्ये खोकले आहेत, एखादा तुतारीचा स्वर घसरतो, पुढच्या गावी जाण्याची घाई जाणवते. पण खोलीत माणसं आहेत. मला ही रेकॉर्डिंग १०० तुकडे जोडलेल्या बिनचूक सीडीपेक्षा जास्त प्रामाणिक वाटतात. नेदरलँड्स बाख सोसायटीनं तर ‘ऑल ऑफ बाख’ या प्रकल्पात बाखची एकेक रचना योग्य जागा निवडून, व्हिडिओसह, इंटरनेटवर फुकट द्यायला सुरुवात केली. किती गायक, कुठे उभे, कोण कोणाकडे बघतंय हे सगळं दिसतं. दावा डोळ्यांसमोर असतो.

सॉफ्टवेअरचा घुमारा चालेल का?

कॉलेजात ‘सिग्नल्स अँड सिस्टीम्स’मध्ये कन्व्होल्यूशन परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. त्याचा खरा अर्थ इथे कळला. रिकाम्या चर्चमध्ये एक फुगा फोडायचा आणि तो आवाज कसा विरतो ते टिपायचं. त्या ठशावरून कुठलंही कोरडं गायन त्या चर्चमध्ये झाल्यासारखं ऐकवता येतं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या चमूनं इस्तंबूलच्या हागिया सोफियाचे असे ठसे घेतले. ‘कॅपेला रोमाना’ या संचानं त्यावर २०१९ मध्ये एक अल्बम काढला. ते संगीत बरोकच्या बरंच आधीचं, बायझंटाइन आहे. पण तंत्र तेच. त्याच तंत्रानं संगणकावर १८ व्या शतकातलं, माणसांनी भरलेलं सेंट थॉमस चर्चही उभं करता येतं.

याला माझा विरोध नाही. उलट डॉल्बी ॲटमॉससारख्या तंत्रामुळे ते तिसरं स्तोत्र पहिल्यांदाच आपल्या डोक्याच्या मागून ऐकू येऊ शकेल. विरोध आहे तो न सांगता करण्याला. हागिया सोफियाच्या अल्बमनं हे उघड सांगितलं. पण बंद खोलीत गाऊन वर चर्चचा घुमारा चढवलेला अल्बम तसं सांगेलच, याची खात्री कोण देणार?

फोनवर काय हरवलं?

सीडीसोबत एक पुस्तिका यायची. रेकॉर्डिंगची जागा, तारखा, गायकांची नावं, ध्वनिमुद्रकाचं नाव, वाद्यांची यादी. म्हणजे दाव्याचा पुरावा. स्ट्रीमिंगवर उरलं काय? शीर्षक, संचालक आणि चौकोनी चित्र. क्लेम्परर आणि गार्डिनर शेजारी शेजारी दिसतात, ५ मिनिटांच्या फरकाचं कारण मात्र कुठेच नाही.

पैशाचं गणितही उलटं आहे. स्पॉटिफायवर ३० सेकंद वाजलं की एक ‘स्ट्रीम’. १२ मिनिटांचा कोरस आणि अडीच मिनिटांचं पॉप गाणं तिथे सारखंच. २०२४ पासून वर्षभरात किमान १,००० स्ट्रीम न झालेल्या ट्रॅकला मोबदलाच मिळत नाही. अख्खा ‘बी मायनर मास’ २७ भागांचा. त्यातला सुरुवातीचा प्रसिद्ध तुकडा तरून जाईल, मधल्या एखाद्या भागाचं काय? २०२३ मध्ये सुझुकींचे कँटाटा काढणारं बीआयएस हे स्वीडिश लेबल ॲपलनं विकत घेतलं आणि ब्रिटनचं हायपेरियन युनिव्हर्सलकडे गेलं. १८ वर्षं चालणाऱ्या प्रकल्पाला धीर धरणारी छोटी लेबलं आता मोठ्या कंपन्यांच्या पोटात आहेत. तसा धीर त्या धरतील का, हा खरा प्रश्न आहे.

याचा आपल्याशी काय संबंध?

बरोक काळातली चर्चं पाहायला युरोपात जायची गरज नाही. जुन्या गोव्यातली बॉम जीझस बॅसिलिका १५९४ ते १६०५ या काळात बांधली गेली. शेजारचं से कॅथीड्रल त्याच काळातलं, आणि टेकडीवरच्या कापेला दो मोंतमध्ये आजही मैफली होतात. गोव्याच्या चर्चशाळांमधून सोल्फा शिकलेल्या वादकांनी पुढे मुंबईच्या सिनेसंगीताचे वाद्यवृंद उभे केले, हा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. पण ज्या खोल्यांत ते कान तयार झाले, त्यांचा आवाज कसा आहे? पॅरिसच्या नोत्र-दामला २०१९ मध्ये आग लागली, तेव्हा आधी केलेली ध्वनिमोजणी उपलब्ध होती म्हणून तुलना तरी करता आली. गोव्यातल्या चर्चचा असा ठसा घ्यायला चांगला मायक्रोफोन, एक लॅपटॉप आणि परवानगी पुरते. इंजिनिअरिंग कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात होण्यासारखं हे काम आहे.

मग करायचं काय?

माझी मागणी छोटी आहे. खाण्याच्या पाकिटावर घटक छापतात, तशा प्रत्येक रेकॉर्डिंगखाली ५ ओळी असाव्यात : जागा कोणती, तारीख कोणती, गायक किती, सलग गायलं की जोडलं, आणि घुमारा खोलीचा की सॉफ्टवेअरचा. ही माहिती रेकॉर्ड करणाऱ्यांकडे असतेच. ॲपला फक्त ती दाखवायची आहे.

तोवर एक प्रयोग करून पाहा. एखाद्या निवांत रात्री ‘मॅथ्यू पॅशन’चा पहिला कोरस तीनदा ऐका : क्लेम्परर, गार्डिनर आणि मग मॅक्रीश. लय कुणाची बरोबर, हे ठरवायला जाऊ नका. दोन कॉयरच्या वरून येणारं ते तिसरं स्तोत्र प्रत्येक वेळी कुठून येतंय, जवळून की दुरून, समोरून की वरून, एवढंच शोधा. ते सापडलं की त्या ५ मिनिटांचा हिशेब बराचसा लागतो.